जाते, ओवी आणि यंत्र : गुणात्मक विश्लेषणाच्या श्रमाविषयी

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठीच्या पदव्युत्तर विभागांतून सादर होणाऱ्या शोधप्रबंधांचे रूप बदलू लागले आहे, हे परीक्षक म्हणून काम करणाऱ्या कोणाच्याही लक्षात आले असेल. वाक्ये निर्दोष असतात, कोष्टके नेटकी असतात, आशयसूत्रांची नावे भारदस्त असतात. आणि तरीही प्रकरण वाचून झाल्यावर संशोधकाने नेमके कोणाचे काय ऐकले, हे सांगता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून, आज 'जनरेटिव्ह एआय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मजकूर निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा नकलेच्या अंगाने होते. प्रबंध विद्यार्थ्याने लिहिला की यंत्राने, एवढाच तिचा विषय असतो. प्रस्तुत लेखात मला त्याच्या अलीकडचा एक प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. लेखन कोणी केले हे विचारण्यापूर्वी, वाचन कोणी केले, हे आपण विचारणार आहोत की नाही?

लोकसाहित्य, मौखिक परंपरा, स्त्रियांची आत्मकथने, बोलींचा अभ्यास या क्षेत्रांत आपले बरेचसे संशोधन गुणात्मक स्वरूपाचे असते. मुलाखती आणि ध्वनिमुद्रणे यांतून अर्थ शोधणे हे त्याचे काम. हा अर्थ शोधण्याचे काम यंत्राकडे सोपवावे काय, आणि सोपवावयाचे तर किती, एवढाच या लेखाचा मर्यादित विषय आहे.

१

माझ्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण तिच्या अनुमतीने येथे देते. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या चौदा स्त्रियांच्या तिने मुलाखती घेतल्या होत्या. बहुतेक जणी सत्तरी ओलांडलेल्या. ध्वनिमुद्रणांचे शब्दांकन झाले आणि दोनशेच्या वर ओव्या कागदावर आल्या. पुढचे काम संकेतनाचे होते. म्हणजे प्रत्येक ओवी आणि मुलाखतीचा प्रत्येक अंश वाचून त्यात काय घडते आहे याची समासात खूण करावयाची, आणि अशा खुणांच्या जुळणीतून आशयसूत्रे बांधावयाची. या कामास सहा महिने लागतील असा आमचा अंदाज होता. विद्यार्थिनी आठवडाभरातच आठ आशयसूत्रांचे कोष्टक घेऊन आली.

''मॅडम, एका संध्याकाळीच झालं,'' तिने प्रांजळपणे सांगितले.

कोष्टक टाकाऊ नव्हते. सासुरवास, माहेरची ओढ, भावा-बहिणीचे नाते, भक्ती, निसर्ग अशी सूत्रे होती आणि प्रत्येकाखाली तीन-चार ओव्या नमुन्यादाखल दिलेल्या होत्या. मात्र 'निसर्ग व पशुपक्षी' या सूत्राखाली राघू आणि मैना यांच्या ओव्या पाहून मला हसू आले. ओवीतला राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे लेक, हे ओव्यांच्या कोणाही वाचकास ठाऊक असते. मावळण, म्हणजे वडिलांची बहीण, मावशीच्या शेजारी बसून आईकडच्या नात्यांत दाखल झाली होती. सीतेच्या वनवासाच्या सगळ्या ओव्या 'पौराणिक श्रद्धा' या सदरात होत्या. ज्या बाईने त्या म्हटल्या तिने त्याच मुलाखतीत, नवऱ्याने टाकल्यावर आपण तीन वर्षे कशी काढली, हेही सांगितले होते.

या चुका विद्यार्थिनीने यंत्रास कळविल्या. यंत्राने तत्काळ दिलगिरी व्यक्त करून राघूला मुलगा केले आणि मावळणीला वडिलांकडे परत पाठविले. तेव्हा मला जाणवले की, चुका हा या प्रकरणातील खरा प्रश्न नव्हेच. आजच्या यंत्राच्या चुका उद्याचे यंत्र करणार नाही. खरी अडचण मी तिला विचारलेल्या एका साध्या प्रश्नानंतर पुढे आली. मी विचारले, ''या चौदा जणींपैकी कोणामुळे तुझं आधीचं मत बदललं?'' ती गप्प राहिली. मत बदलण्याइतका सहवास तिचा त्या शब्दांकनांशी घडलाच नव्हता.

२

गुणात्मक विश्लेषण म्हणजे काय, याची येथे थोडी उजळणी करणे अगत्याचे आहे. ग्लेझर आणि स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये, क्षेत्रातील सामग्रीतूनच सिद्धान्ताची उभारणी करण्याची पद्धती मांडली. त्यामागे सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांच्या सान्निध्यात केलेले त्यांचे दीर्घ निरीक्षण होते. पुढे २००६ मध्ये व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी आशयसूत्रांच्या विश्लेषणाची जी पद्धती सांगितली ती आज सामाजिक शास्त्रांत सर्वत्र वापरली जाते. या दोघींचा एक आग्रह आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. आशयसूत्रे सामग्रीत दडलेली असतात आणि संशोधकाने ती उकरून काढावयाची असतात, ही कल्पना त्यांना मान्य नाही. आशयसूत्र संशोधक घडवितो. त्यात त्याचे वाचन, त्याचे सामाजिक स्थान, त्याचे पूर्वग्रह आणि त्या पूर्वग्रहांना बसलेले धक्के या सर्वांचा वाटा असतो.

साहित्याच्या अभ्यासकास हे नवे वाटू नये. कवितेचा आशय कवितेच्या तळाशी गाळासारखा साचलेला नसतो. तो वाचकाच्या आकलनव्यापारात आकार घेतो, ही भूमिका आपण वर्गात शिकवीत आलो आहोत. मग ओवीचा आशय मात्र यंत्राने चाळून काढून द्यावा, असे आपणांस का वाटावे? याचे कारण आपण संकेतनाला हमाली समजतो. खुणा करणे, चिठ्ठ्या लावणे, कोष्टके भरणे ही कारकुनी कामे आहेत आणि खरे विश्लेषण त्यानंतर सुरू होते, असा आपला समज असतो. हा समज चुकीचा आहे. खूण करतानाच संशोधक अडखळतो. ही ओवी भक्तीची की गाऱ्हाण्याची, हे त्याला ठरविता येत नाही. तो मागे जातो, दुसरी ओवी पाहतो, आपण कालच केलेली खूण खोडतो. या खोडाखोडीलाच विश्लेषण म्हणतात. तिचे फलित कोष्टकात दिसते, पण ती स्वतः कोष्टकात कोठेच दिसत नाही.

३

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच भाषेत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून चालविलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. ओव्यांचे संकलन त्याआधीही झाले होते. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' आणि सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीद्वारा केलेले कार्य अभ्यासकांस परिचित आहे. पुण्याच्या प्रकल्पाचे वैशिष्ट्य त्याच्या वर्गीकरणात होते. प्रत्येक ओवीला अक्षरे व अंक यांच्या उतरंडीतून तिचे स्थान दिले गेले. सीता कोठे, माय-लेक कोठे, जात्याशी होणारे हितगुज कोठे, हे ठरविताना ग्रामीण स्त्रीच्या अनुभवविश्वाचा एक नकाशाच उभा राहिला. हे वर्गीकरण म्हणजे संकलनानंतरचे आवरसावरीचे काम नव्हते. तेच या प्रकल्पाचे विश्लेषण होते. त्याच्याशी आज कोणी असहमत होऊ शकतो, कारण प्रत्येक निर्णयामागे कोणीतरी उभे आहे.

या प्रकल्पास संगणकाचे वावडे नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. संगीताचे अभ्यासक व संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ओव्यांची संगणकीय नोंद आणि ध्वनिमुद्रणे झाली. पॉइटवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. तरीही हा ठेवा टिकला आणि 'पारी' या पत्रकारितेच्या संग्रहातून २०१७ पासून तो सर्वांसमोर येत राहिला, याचे बरेचसे श्रेय त्या संगणकीय नोंदींना आहे.

गुणात्मक संशोधनासाठी संगणकप्रणाली वापरण्याची प्रथाही जुनीच आहे. 'नुडिस्ट' ही प्रणाली ऑस्ट्रेलियात गेल्या शतकाच्या नवव्या दशकात विकसित झाली. 'ॲटलास टीआय' १९९३ मध्ये आणि 'एनव्हिवो' १९९९ मध्ये आली. या प्रणाली संशोधकाने केलेल्या खुणा सांभाळीत, हव्या तेव्हा शोधून देत. खूण कोणती करावयाची, हे त्या सांगत नसत. २०२३ पासून अशाच काही प्रणालींत भाषिक प्रतिमाने जोडली गेली आणि यंत्र स्वतःच खुणा सुचवू लागले. कपाट आणि वाचक यांत जे अंतर आहे, ते या दोन टप्प्यांत आहे. संगणक आधीही होताच, मग आताच आक्षेप का, असे जे विचारतात त्यांनी हे अंतर ध्यानी घ्यावे.

४

ही प्रतिमाने प्रचंड प्रमाणातील लिखित मजकुरावर घडविलेली असतात आणि आधीच्या शब्दांच्या संदर्भात पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याच्या अनुमानावर त्यांचे उत्तर उभे राहते. ज्या मजकुरावर ती घडली त्यात इंग्रजीचा वाटा सर्वांत मोठा आणि मराठीचा अत्यल्प आहे. जी मराठी आहे तीही मुख्यतः प्रमाण, छापील, नागर. ओवीची भाषा त्यात नावापुरती. राघू पक्ष्यांत का गेला, याचा उलगडा येथे होतो.

परंतु उद्या बोलीतील मजकूर वाढला आणि हा दोष उणावला, तरी एक अडचण शिल्लक राहतेच. अनुमानाची ओढ स्वभावतः संभाव्यतेकडे, म्हणजे रुळलेल्या अर्थाकडे असते. गुणात्मक संशोधनाचे मोल मात्र बहुतेक वेळा रुळावरून घसरलेल्या एखाद्या ओळीत असते. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी म्हटलेल्या आणि १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांचे उदाहरण घ्या. पहिली, दुसरी असे क्रमांक देत ओव्या देवादिकांना वाहण्याची जुनी रीत या स्त्रियांनी तशीच ठेवली आणि त्या ओव्या बुद्धाला व भीमरावांना वाहिल्या. साचा तोच, छंद तोच, जातेही तेच. पण ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांनी त्या साच्यातला देव बदलला आहे. साच्यावरून वर्गीकरण करणारा वाचक, मग तो यंत्र असो वा आळशी माणूस, या ओव्या 'भक्ती'च्या रकान्यात टाकून मोकळा होईल. तेथे घडलेले सामाजिक स्थित्यंतर त्या रकान्यात मावणार नाही.

याहूनही गंभीर गोष्ट मागाहून उघडकीस आली. कोष्टकातील नमुन्याच्या ओव्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहताना एक ओवी आम्हांस कोठेच सापडेना. आम्ही चौदाही मुलाखती पुन्हा ऐकल्या. ती ओवी कोणीच म्हटलेली नव्हती. छंद बिनचूक होता, शब्दकळा अस्सल वाटावी अशी होती, भावही योग्य होता. फक्त ती म्हणणारी बाई अस्तित्वात नव्हती.

मौखिक परंपरेत ओवीचे प्रामाण्य तिच्या सौंदर्यावर अवलंबून नसते. कोणीतरी, कोठेतरी, कोणत्यातरी पहाटे ती म्हटलेली असते, यावर ते अवलंबून असते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा तिच्यात स्वतःची ओवी मिसळणाऱ्यास त्यांनी कडक शब्दांत ताकीद दिली. भर घालणारी ओवी वाईटच असेल, असे त्यांना म्हणावयाचे नसावे. ती कितीही सुरेख असली तरी ज्ञानेश्वरांची नाही, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. मराठीतील संहिताचिकित्सेची परंपरा या विवेकावर उभी आहे. आपल्या एखाद्या प्रबंधात न गायिलेली ओवी शिरली आणि दहा वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकाने ती प्रमाण म्हणून उद्धृत केली, तर तिला तेथून बाहेर काढणारे कोणी असणार नाही.

५

एवढ्यावरून यंत्र सर्वस्वी त्याज्य ठरते काय? तसे मानणाऱ्यांची संख्या लहान नाही. २०२५ मध्ये जगातील चारशेहून अधिक गुणात्मक संशोधकांनी एक खुले पत्र प्रसिद्ध करून, संशोधकाच्या आत्मपरीक्षणावर आधारलेल्या गुणात्मक संशोधनात अशा यंत्रांचा वापर नाकारला. वर उल्लेखिलेल्या ब्राउन आणि क्लार्क या त्या पत्राच्या लेखकांपैकीच आहेत. अर्थनिर्मिती हे माणसाचे काम आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा मला मान्य आहे. त्यांच्या निष्कर्षाशी मात्र मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही, आणि त्याची कारणे आपल्या परिस्थितीत आहेत.

पहिले कारण असे की, मानवी वाचन म्हणजे शुद्ध वाचन, असे आपल्या इतिहासावरून म्हणता येत नाही. लोकगीतांच्या संग्राहकांनी काय घेतले आणि काय अशिष्ट, अश्लील वा किरकोळ म्हणून गाळले, याचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. जात, वर्ग आणि लिंगभाव यांच्या चष्म्यातून माणसानेच ओव्या चाळल्या. यंत्राचा पूर्वग्रह दाखविताना आपला झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दुसरे कारण व्यावहारिक आहे. सहायक प्राध्यापकास आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. परीक्षा, प्रवेश आणि मूल्यांकनाचे अहवाल वेगळेच. आमचे कित्येक संशोधक विद्यार्थी दिवसा तासिका तत्त्वावर शिकवून रात्री प्रबंध लिहितात. अशांना 'वेळ द्या' असा उपदेश करणे सोपे आहे. तो उपदेश करणाऱ्याने त्यांना वेळ मिळवून देण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

तिसरे कारण माझ्या स्वतःच्या अनुभवातील आहे. भावा-बहिणीच्या काही प्रकाशित ओव्यांवर मी वर्षांपूर्वी टिपणे केली होती आणि भावाने द्यावयाच्या चोळीचे सगळे उल्लेख 'माहेरची ओढ' या खुणेखाली ठेवले होते. त्या ओव्या आणि माझी टिपणे यंत्रापुढे ठेवून मी त्याला एवढेच सांगितले की, माझ्या अर्थाच्या विरुद्ध जाणारा अर्थ शोध. आलेल्या उत्तरातील बराचसा भाग पाल्हाळिक होता. पण त्यात एक प्रश्न होता : या ओव्यांत चोळी ही भेट म्हणून मागितली जाते की हक्क म्हणून? मी पुन्हा त्या ओव्यांकडे वळले. वडिलांच्या जमिनीत वाटा नसलेल्या बहिणीने वर्षाकाठी मागितलेली चोळी, आणि ती न देणाऱ्या भावजयीवरचा राग, हे सगळे एका वेगळ्याच उजेडात दिसू लागले. उत्तर यंत्राने दिले नाही. त्याला ते देताही आले नसते. पण प्रश्न त्याने विचारला, हे मी नाकारू इच्छीत नाही. एवढे मात्र खरे की, तो प्रश्न मला कळला, कारण त्या ओव्या मी आधी अनेकदा वाचलेल्या होत्या.

६

'जात्यावर बसले की ओवी सुचते' अशी आपल्याकडे म्हण आहे. ओवी आधी सुचते आणि मग बाई जात्यावर बसते, असे होत नाही. खुंटा हातात येतो, पाळू फिरू लागते आणि त्या लयीतून शब्द वर येतात. विद्यार्थिनीने एका आजींना ओसरीवर बसवून ओव्या म्हणावयास सांगितल्या, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ''जात्याबिगर कुठल्या वव्या आठवायच्या, बाळा?'' संशोधनातील आकलनाचेही असेच आहे. आशयसूत्र सुचते ते खुणा करण्याच्या श्रमात असतानाच. श्रम वजा केला की सूत्राचे नुसते नाव उरते.

पण या दृष्टान्ताची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. गावोगावी पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ओव्यांच्या अभ्यासकांनी याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे, पण पहाटे चारला उठून पायलीभर दळण दळणाऱ्या एकाही बाईने गिरणीला नावे ठेवल्याचे मी ऐकलेले नाही. त्यांचे मनगट आणि कंबर सुटली. गिरणीने पीठ दिले आणि ओवी थांबविली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. कोणते दळण पिठासाठी होते आणि कोणते ओवीसाठी, असा भेद त्या बायकांना करता येणे शक्यच नव्हते. आपल्याला तो करता येतो. यंत्राविषयीच्या आपल्या सर्व विवेचनाचा कणा हा भेदच असावा, असे मला वाटते.

ग्रंथसूचीची मांडणी, ध्वनिफितींची अनुक्रमणी, अन्य भाषांतील लेखांचा प्राथमिक परिचय, एखादा शब्द संपूर्ण सामग्रीत कोठे कोठे येतो याचा शोध, ही पिठाची कामे आहेत. ती गिरणीवर खुशाल द्यावीत. शब्दांकन सीमेवरचे आहे. यंत्राने केलेला कच्चा खर्डा ध्वनिफीत कानाशी धरून ओळीओळीने दुरुस्त करण्याचा कंटाळा नसेल तर तेही द्यावे. असेल तर देऊ नये. पण पहिले वाचन, पहिली खूण आणि आशयसूत्राची बांधणी ही ओवीची कामे आहेत. ती देऊन टाकली तर संशोधकाच्या पदरी उरतेच काय?

७

या भूमिकेतून विभागांनी विचारात घ्याव्यात अशा काही सूचना करते. संशोधकाने सामग्रीचे पहिले संकेतन स्वतः, हाताने, पूर्ण करावे, आणि त्याच्या खाडाखोडीसह ते जतन करावे. यंत्राचा उपयोग करावयाचा तर त्यानंतर, आणि मुख्यतः प्रतिवादासाठी करावा. त्याने सुचविलेल्या प्रत्येक अर्थास मूळ ध्वनिमुद्रणातील किंवा संहितेतील नेमके स्थान मिळाले पाहिजे. ज्यास स्थान नाही ते विधान कितीही आकर्षक असले तरी सोडून द्यावे. कोणते यंत्र, केव्हा, कोणत्या सूचना देऊन वापरले, याचा वृत्तान्त संशोधनपद्धतीच्या प्रकरणात द्यावा. आज हा वापर लपविला जातो, कारण तो सांगितल्यास परीक्षक काय म्हणतील याची धास्ती असते. ही धास्ती दूर करणे हे मार्गदर्शकांचे काम आहे.

संमतीचा प्रश्न यांहून नाजूक आहे. ज्या आजीने एका मुलीवर विश्वास ठेवून सासूने केलेल्या छळाची हकिकत सांगितली, तिने ती हकिकत एखाद्या परदेशी कंपनीच्या यंत्रात भरण्यास संमती दिली होती काय? २०२३ मध्ये आपल्याकडे व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. कायद्यातील तरतुदी आणि संशोधनासाठीच्या सवलती काहीही असोत, संशोधकाची नैतिक जबाबदारी त्याहून मोठी आहे. संमती विचारताना हे स्पष्ट सांगावे, आणि विचारले नसेल तर मुलाखती यंत्रात घालू नयेत.

शेवटची सूचना परीक्षकांसाठी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधाचे साम्य तपासले जाते आणि १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले जाते. पण यंत्राने रचलेल्या मजकुराचे कोणत्याही प्रकाशित लेखनाशी साम्य नसू शकते. शून्य टक्के साम्य असलेल्या प्रबंधात शून्य वाचन असू शकेल. तेव्हा मौखिक परीक्षेत टक्केवारीचा कागद बाजूस ठेवून क्षेत्रकार्याची वही मागावी, एखादी ध्वनिफीत लावावी, आणि विचारावे : येथे तुम्ही का थांबलात?

त्या विद्यार्थिनीने कोष्टक मागे घेतले. पुढचे पाच महिने तिने ध्वनिफिती ऐकल्या आणि समास भरले. आठांची सहा आशयसूत्रे झाली. त्यांपैकी एक यंत्राच्या कोष्टकात नव्हते आणि असणे शक्यही नव्हते. चौदांपैकी पाच जणींनी मुलाखतीत कोठे ना कोठे ध्वनिमुद्रण बंद करावयास सांगितले होते. ''ही यात नको भरू,'' असे म्हणून त्यांनी एखादी ओवी तिला नुसतीच ऐकविली होती. फितीवर तेथे खट्ट असा आवाज आहे आणि मग दुसरा विषय. वहीत तारीख आहे आणि एवढीच नोंद : आजींनी एक ओवी म्हटली, लिहू नको म्हणाल्या.

त्या ओव्या प्रबंधात नाहीत आणि येणारही नाहीत. पण त्या आहेत, कोणी राखून ठेविल्या आणि कोणाबद्दल बोलताना राखून ठेविल्या, यावर तिने एक छोटे प्रकरण लिहिले आहे. माझ्या मते प्रबंधातील ते सर्वांत चांगले प्रकरण आहे. ते वाचताना मी तिला पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी तिने पाच जणींची नावे घेतली, आणि प्रत्येकीने काय बदलले ते सांगितले.